बिनभोकांची बटणं

भोकं नसलेलं बटण मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते आमच्याच दुकानात, आमच्याच बटणांच्या डब्यात.

तासगावच्या बाजारपेठेत आमचं 'पोरे जेंट्स टेलर्स'. त्या दिवशी सकाळी चव्हाण मास्तर शर्ट काढून नुसत्या बनियनवर फळीवर बसले होते. शर्टाचं बटण तुटलेलं, शाळेची घंटा व्हायला आलेली आणि आमचे मालक समोरच्या हॉटेलात चहाला गेलेले. मालक म्हणजे माझे यजमान, एकनाथ पोरे. मी म्हटलं, थांबा मास्तर, एक बटण लावायला काय मुंबईहून माणूस बोलवायचाय? डब्यात हात घातला, एक पांढरं बटण उचललं आणि सुई टोचली. शिरेना. फिरवून टोचली, तरी शिरेना.

"हौसाबाई, चष्मा लावा की," मास्तर म्हणाले.

"चष्मा नाकावरच आहे. तुमचं बटणच हट्टी निघालं."

उजेडात धरून बघितलं. गुळगुळीत, मधे नुसती एक रेघ, भोक एकही नाही. सवयीनं दाताखाली धरलं तर काय, कडू जहर! थू थू करत मी सगळा डबा फळीवर पालथा केला. शर्टांच्या बटणांत मिसळून बसलेली तसलीच आणखी मूठभर निघाली. ती बटणं नव्हती, गोळ्या होत्या. रोज सकाळी माझ्या हातानं मी ज्या मालकांच्या तळहातावर ठेवत होते, त्याच.

"मास्तर, तुम्ही शाळेत जा," मी शर्ट त्यांच्या अंगावर टाकला.

"अहो, बटण?"

"एक बटण नसलं म्हणून पोरं पास व्हायची राहत नाहीत. जावा!"

आता आधी काय झालं होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हौसाचं डोकं फिरलं.

आमचे मालक म्हणजे नुसती भिंगरी. रस्त्याच्या पलीकडनं चाललेल्या माणसाची छाती इथं बसून सांगायचे. लग्नसराईत द्राक्षबागायतदारांचे कोट कापायला बसले की कात्रीचा आवाज देवळापर्यंत जायचा. गिऱ्हाइकानं दोनदा विचारलं, "कधी मिळंल?" की तिसऱ्यांदा विचारायची त्याची छाती व्हायची नाही, असा राग. सगळं होतं, पण एक गोष्ट नव्हती. लग्न झाल्यापासून या माणसानं मला एक ब्लाउज शिवून दिला नव्हता.

"अख्ख्या तासगावच्या नवरदेवांना कोट तुमचे, आणि तुमची बायको ब्लाउजाचं कापड घेऊन शिवणवाल्या बकुळाच्या दारात!" मी म्हणायची.

"जेंट्स टेलर म्हणून पाटी लावलीया," ते म्हणायचे. "बायकांच्या कापडाला हात लावला तर पाटी खोटी पडंल."

"मग पाटीशीच लग्न लावायचं होतं."

यावर ते हसायचे आणि मशीन पळवायचे. दर दिवाळीला हेच भांडण, दर दिवाळीला बकुळाच.

मग त्यांना धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग नुसतं बोलताना. पाय असे सुजले की चप्पल शिरेना. आम्ही मिरज गाठली. तिथं डॉक्टर मुजावर बाई भेटल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण नजर अशी की समोरच्यानं थाप मारायच्या आधीच तोंड मिटावं. त्यांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, मशीनवर हृदय हलताना बघितलं आणि सांगितलं, "हृदय मोठं झालंय. मोठं म्हणजे ताकदवान नव्हे बरं का. ताणून ताणून सैल पडलंय. पूर्ण आवळलंच जात नाही, म्हणून रक्त पुढं ढकललं जात नाही."

"म्हणजे इलॅस्टिक गेलं," मालक म्हणाले.

"तसंच समजा."

बाईंनी पाणी उतरवायच्या गोळ्या दिल्या, आणखी दोन-तीन दिल्या आणि शेवटी ही पांढरी गोळी. बीटा ब्लॉकर म्हणतात तिला. बाई म्हणाल्या, "हृदय दमलंय, तरी शरीर त्याला चाबूक मारून पळवतंय. ही गोळी चाबूक काढून घेते. ठोके कमी होतील, हृदयाला विसावा मिळेल आणि काही महिन्यांनी ते हळूहळू आकसायला लागतं. पण एक सांगते. सुरुवातीला बरं वाटणार नाही, उलट थकवा येईल. लहान गोळीपासून हळूहळू चढवत न्यायची. आणि मनानं बंद करायची नाही. काहीही झालं तरी नाही."

मालकांनी मान डोलावली आणि विचारलं, "तो छातीचा फोटो घरी न्यायला मिळंल का?"

फोटो मिळाला. घरी येऊन त्यांनी काय करावं? शोकेसच्या काचेवर एक्स-रे लावला, मागं दिवा पेटवला, खाकी कागद ठेवला आणि पेन्सिलीनं हृदयाची कड उतरवून घेतली. कात्रीनं कापलं. आमच्याकडं मोठ्या गिऱ्हाइकांच्या मापाचे असे कागद कापून खिळ्याला अडकवलेले असतात, फर्मे म्हणतात त्यांना. आमदारांच्या जाकिटाचा फर्मा आणि साखर कारखान्याच्या साहेबांच्या कोटाचा फर्मा, यांच्या मधोमध यांनी आपल्या हृदयाचा फर्मा टांगला. वर नाव घातलं, 'ए. पोरे'.

"अहो, हे काय अभद्र!"

"माप घेतल्याबिगर आल्टर कसं करायचं? डॉक्टरीणबाई म्हणत्यात आकसंल. बघू की किती आकसतंय."

गोळी सुरू झाली आणि आमची भिंगरी थांबली. मशीनचा पायटा हलवता हलवता पाय थांबायचा. कात्री हातात धरून माणूस पेंगायचा. हात जड, पाय जड. माझे धाकटे दीर, दिगंबर भावजी, रोज येऊन मुक्ताफळं उधळायचे, "दादा, ही गोळी न्हाई, वेसण हाय." मी त्यांना चहासुद्धा विचारायची नाही. खरं सांगू का, मला त्या दिवसांत एक मजा मात्र यायची. यांना रागच येईना! गिऱ्हाइक ओरडून जायचं आणि हे म्हणायचे, "बरं बरं." मी जुनी जुनी भांडणं उकरून काढली, सगळी जिंकले. पण नंतर एकटी चुलीपुढं बसले की धस्स व्हायचं. हा विसावा आहे की हे विझत चाललेत, ते कुणी सांगावं?

पुढं थंडीत त्यांना ताप-खोकला आला. गावातल्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं. तिथं मशीन ढकलत आणून पलंगावरच छातीचा फोटो काढला. बरे होऊन घरी आले, आणि काय चमत्कार! दोन-तीन दिवसांत आमची भिंगरी परत सुरू. मशीन धडधड पळतंय, तोंडात गाणं, दुकानात गेले की दार लोटून घेतायत. "अर्जंट काम हाय," म्हणायचे. मला वाटलं, गोळी लागू पडली! मी आनंदानं शेजारीपाजारी पेढे वाटले. दिगंबर भावजींच्या हातावर मुद्दाम दोन ठेवले. "घ्या," म्हटलं, "वेसणीचे पेढे."

आणि आता फळीवर ही बटणं.

मालक चहा पिऊन शीळ घालत आले. मी गोळ्या ओळीनं मांडून बसले होते. शीळ उंबऱ्यातच बंद पडली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बटणं."

"कुठल्या शर्टाची?"

ते खिळ्याजवळ गेले आणि एकाखाली एक अडकवलेले दोन कागद काढून फळीवर ठेवले. एक जुना फर्मा. दुसरा मी कधी बघितलाच नव्हता.

"हा तवाचा. हा परवाच्या फोटोवरनं कापला. ठेव एकावर एक."

मी ठेवला. नवा फर्मा चारी बाजूंनी बाहेर आला.

"दिसलं? कात्री खोटं बोलत न्हाई, हौसे. इतकं दिवस गोळी खाऊन हातपाय लाकडागत करून घेतलं, आणि कापड आटायचं सोडून आणखीच सैल झालं. मग कशाला खायची? जायचंच हाय तर हात चालू असताना जाऊ."

मी काय केलं असेल? आधी रडले. मग त्यांना असं झापलं की समोरच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बाहेर आली. मग डोक्यावरनं पदर घेतला, दुकानाचं कुलूप हातात घेतलं आणि म्हटलं, "चला मिरजेला."

"चला. मलाबी त्या बाईला फर्मं दाखवायचंच हैत," ते म्हणाले. मी आवराआवर करेपर्यंत सगळे कागद घेऊन त्यांनी गुंडाळी केली, तिला दोरी बांधली आणि एसटीत ती मांडीवर घट्ट धरून बसले. मी म्हटलं द्या इकडं, मी धरते, तुम्हाला धाप लागेल. नाही म्हणजे नाही. जवळ सोनं असल्यासारखे बसले होते. अर्ध्या रस्त्यात श्वास परत फुलायला लागला, तरी गुंडाळी सोडली नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. बायका ऊन लागतंय म्हणून खिडक्या ओढत होत्या आणि मी मनात देवाला म्हणत होते, माझं ते ब्लाउजाचं भांडण मी सोडलं, सोडलं, सोडलं, फक्त हा माणूस ठेव.

मुजावर बाईंनी नाडी धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी पदराची गाठ सोडून गोळ्या टेबलावर ओतल्या.

"अचानक बंद केल्या?" बाईंचा आवाज चढला. "पोरे, कल्पना आहे का? चाबूक काढून घेतला होता, तो तुम्ही दुप्पट जोरात परत दिलात. पहिले चार दिवस हुशारी वाटली असेल. या हुशारीत माणूस मशीनवर बसल्या बसल्या जातो!"

मालकांचा चेहरा उतरला. पण कारागीर तो कारागीर. त्यांनी गुंडाळीवरचे दोन कागद सोडवले आणि टेबलावर पसरले. बाई बघत राहिल्या.

"हे काय?"

"माझं हृदय," मालक म्हणाले. "जुनं आन् नवं."

बाईंनी एक कागद उचलला, दुसरा उचलला, आणि अशा हसत सुटल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. मग एकदम थांबल्या. "दोन्ही फोटो आणलेत?"

फोटो मी पिशवीत घातले होते. बाईंनी ते उजेडाच्या पेटीवर लावले, एकदा बघितले आणि मालकांना म्हणाल्या, "तुमच्या बोटातलं ते अंगुस्तान द्या." शिवताना सुई लागू नये म्हणून घालतात ते टोपण. घाईत ते बोटातच राहिलं होतं. बाईंनी ते भिंतीला टेकवलं आणि वरनं बॅटरी मारली.

"सावली केवढी?"

"तेवढीच, अंगुस्तानाएवढी."

बाईंनी अंगुस्तान भिंतीपासून लांब, बॅटरीजवळ आणलं. सावली फुगून वाटीएवढी झाली.

"पहिला फोटो इथं काढला. तुम्ही उभे होतात, छाती प्लेटला चिकटवून. हृदय प्लेटजवळ, म्हणून सावली खरी. दुसरा पलंगावर. पाठीखाली प्लेट, मशीन वरनं, तेही जवळ. हृदय प्लेटपासून लांब राहिलं. म्हणून सावली फुगली. हृदय नाही फुगलं, पोरे. सावली फुगली."

मालक अंगुस्तानाकडं बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला, "आयला! उभ्या गिऱ्हाइकाच्या मापावर मी निजलेल्या गिऱ्हाइकाचं माप ठेवलं!"

"आणि म्हणे कात्री खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

"कात्री न्हाई बोलली. मी बोललो."

बाईंनी लगेच मशीनवर हृदय तपासलं. आम्ही दोघं पडद्याकडं बघत होतो, काही कळत नव्हतं, पण बघत होतो. शेवटी बाई म्हणाल्या, "वाढलेलं नाही. उलट जोर जरासा सुधारलाय. गोळी काम करतच होती. आता परत लहान गोळीपासून सुरुवात करायची, पहिल्यापासून. दोन दिवस मी इथं ठेवून घेणार आहे, माझ्या नजरेसमोर."

माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. बसमधली सगळी भीती अंगातनं उतरली.

"एक मात्र मला कळलं नाही," बाई मालकांना म्हणाल्या. "फर्मा मोठा निघाला, तुम्ही घाबरलात, समजू शकते. मग यायचं होतं माझ्याकडं, भांडायचं होतं. गोळ्या लपवून कसली घाई चालली होती? आणि त्या गुंडाळीत अजून काय आहे?"

गुंडाळीचा आतला भाग त्यांनी गुडघ्यांत दाबून धरला होता.

"काय न्हाई. कागद हैत."

मी दोरी ओढली. कागद सुटला आणि त्यातनं एक हिरव्या खणाचा ब्लाउज जमिनीवर पडला.

मालक कोपऱ्याकडं बघत म्हणाले, "गोळीनं हात पळत नव्हतं. टाका वाकडा जायचा. त्यात फर्मा मोठा निघाला. वाटलं, आपलं भरलं आता. म्हटलं, जायच्या आधी एक तरी... हिचं एकच मागणं होतं, बाई. दुसरं काय मागितलं न्हाई हिनं. आज तुम्ही ठेवून घेणार हे ठाऊक होतं. परत जातोय का न्हाई कुणाला म्हाईत, म्हणून संगं आणला."

इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं, आणि ते काय भावात मिळणार होतं बघा! त्यांना मिठी मारावी की त्यांच्या कानाखाली वाजवावी, दोन्ही मनात आलं.

डॉक्टर बाईंनी डोळे पुसले आणि तपासायच्या पलंगाचा पडदा ओढला. "हौसाबाई, घालून या. मला बघायचंय."

पडद्यामागं गेले आणि घातला. देवा रे देवा! कापड देखणं, शिलाई अशी की मुंगीचा पाय अडकू नये, पण बेत सगळा कोटाचा. खांद्यांना पॅड. गळा हनुवटीपर्यंत बंद. पाठ एकदम ताठ, फौजदारासारखी. बकुळाला विचारायचं नाही म्हणून नजरेनं माप घेतलेलं, आणि नजर सगळी नवरदेवांची. मानेशी काहीतरी टोचलं म्हणून बघितलं तर लेबल, 'पोरे जेंट्स टेलर्स, तासगाव'. आणि डाव्या बाजूला, आतून, काळ्या अस्तराचा एक खिसा.

मी बाहेर आले. बाई खुर्चीच्या हाताला धरून हसत होत्या. नर्सनं तोंडावर रुमाल धरला होता. मालकांनी मात्र मान तिरकी करून, पक्क्या धंदेवाईक नजरेनं मला खालीवर न्याहाळलं.

"काखेत धरतंय का?"

"काखेत, गळ्यात, पाठीत, सगळीकडं धरतंय," मी म्हटलं. "आणि ब्लाउजाला आतला खिसा कुणी ठेवतं का हो?"

"सवयीनं पडला," ते ओशाळले. "हातच तसा गेला. दे, उसवून नीट करतो."

"खबरदार कात्री लावाल तर!"

टेबलावर नव्या गोळ्यांचं पाकीट होतं. ते मी उचललं आणि त्या खिशात घातलं. असं चपखल बसलं, जणू त्याच्याच मापानं कापला होता. सगळ्यांसमोर म्हटलं, "आजपासून गोळी माझ्या हातून, माझ्यासमोर, आणि गिळल्यावर जीभ बाहेर काढून दाखवायची. बटणांचा डबा मी माझ्या ताब्यात घेतलाय."

पुढं सगळं हळूहळूच झालं. लहान गोळी, मग जरा मोठी, मग आणखी जरा मोठी. थकवा आला, हात जड झाले, दिगंबर भावजी वेसण-वेसण करत आले आणि चहाविना गेले. आम्ही दम धरला. पुढच्या दिवाळीच्या आधी मिरजेत फोटो काढला, उभं राहून, छाती प्लेटला चिकटवून. मालकांनी काचेवर धरला, कागद कापला आणि पहिल्या फर्म्यावर ठेवला. नवा फर्मा आत बसला, आणि भोवती जुन्याची खाकी कड दिसत राहिली. ते कडेवरनं बोट फिरवत कितीतरी वेळ बसले आणि म्हणाले, "हौसे, आल्टर झालं बघ."

मुजावर बाईंनी मशीनवर बघून तेच सांगितलं. सगळ्यांच्याच बाबतीत इतकं होत नाही म्हणाल्या, पण तुमचं झालं. गोळी मात्र सोडायची नाही, हेही बजावलं. यांनी त्यांना एक पांढरा कोट शिवून दिला. तो मात्र अंगावर असा बसला, काय सांगू!

त्याला आता बरीच वर्षं झाली. तो हिरवा ब्लाउज मी मिरजेला जाताना प्रत्येक वेळी घातला, पार विरेपर्यंत. विरला तेव्हा मालकांनी त्याचा खिसा उसवला आणि माझ्या दुसऱ्या ब्लाउजाला लावला. तो विरला तसा तिसऱ्याला. ब्लाउज बकुळाच शिवते, खिसा हे लावतात. पाटी अजून 'जेंट्स'च आहे.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते माझ्यापुढं येऊन हात पसरतात आणि म्हणतात, "मालकीणबाई, बटण द्या."

मी खिशातनं गोळी काढते, उजेडात धरते, भोक नाही ना ते बघते, आणि मगच देते.